घटक ४ : ताराबाई मोडक : मुलाच्या अंगणात गेलेली शाळा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :

• ताराबाई मोडक यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• बालमंदिर, बालवाडी, अंगणवाडी आणि विकासवाडी या संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• लहान मुलांची काळजी घेणाऱ्यांना मार्गदर्शन कसे करावे, याविषयीची ताराबाईंची दृष्टी सांगता येईल.
• आजच्या शासकीय अंगणवाडी योजनेशी ताराबाईंच्या कार्याचे असलेले नाते तपासता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अंगणवाडी हा शब्द आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचला आहे. गावात शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्र जसे असते, तशी अंगणवाडीही असते. आपल्यापैकी काही विद्यार्थिनी स्वतः अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस म्हणून काम करीत असतील, तर अनेकांची मुले किंवा भावंडे अंगणवाडीत जाऊन आली असतील. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याच्या मागे एका व्यक्तीचे आयुष्य उभे आहे याची आठवण सहसा होत नाही.

ती व्यक्ती म्हणजे ताराबाई मोडक. त्यांचे चरित्र दोन कारणांसाठी अभ्यासनीय आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित मराठी स्त्रीने स्वतःचे कार्यक्षेत्र स्वतः कसे निवडले, याचे ते एक ठळक उदाहरण आहे, हे पहिले कारण. दुसरे कारण आजच्या काळाशी निगडित आहे. बालकांची काळजी घेणाऱ्या केंद्रांना शासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था सतत सूचना, परिपत्रके आणि मार्गदर्शन पाठवीत असतात. हे मार्गदर्शन कोठे तयार व्हावे, कोणी करावे आणि त्यात प्रथम काय पाहावे, या प्रश्नांना ताराबाईंनी आपल्या कृतीतून एक उत्तर दिले होते. ते उत्तर समजून घेणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे.

४.२ जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. प्रार्थनासमाजाने स्त्रीशिक्षणाचा, जातिभेदाला विरोधाचा आणि सुधारणेचा जो विचार मांडला, तो या घरात रोजच्या वागण्यात होता. मुलीने शिकावे की नाही, हा त्या काळी बहुतेक घरांत वादाचा विषय असे. केळकरांच्या घरात तो वाद उद्भवला नाही. १९१४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. स्त्री पदवीधरांची संख्या तेव्हा फारच थोडी होती.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस राहावयास गेल्या. हे सहजीवन टिकले नाही. १९२१ मध्ये पती-पत्नी विभक्त झाले. ताराबाईंच्या पदरी तेव्हा लहानगी कन्या होती. सुधारकी घराण्यातील स्त्रीलाही त्या काळात असा निर्णय सोपा नव्हता. समाजाची सहानुभूती अशा स्त्रीच्या वाट्याला क्वचितच येई, आणि उपजीविकेचा प्रश्न तर तत्काळ उभा राही.

ताराबाईंनी हा प्रश्न शिक्षणाच्या आधारे सोडविला. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. हे पद मानाचे होते, वेतन चांगले होते आणि भविष्यही सुरक्षित होते. शिक्षिकांना घडविणाऱ्या संस्थेचा अनुभव त्यांना येथे मिळाला. परंतु शिक्षिकेला वर्गात जाण्यापूर्वी मुलाविषयी नेमके काय कळले पाहिजे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना पुढे भावनगर येथे सापडले.

४.३ भावनगर : मुलाकडे पाहण्याचे शिक्षण

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेली दक्षिणामूर्ती ही शिक्षणसंस्था होती. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना मारिया माँटेसरी यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी वकिली सोडली. भरघोस मिशा असलेल्या या गृहस्थाला मुले आणि पालक मिशावाली आई या अर्थाच्या गुजराती नावाने हाक मारीत. त्या नावात त्यांच्या शिक्षणपद्धतीचे सार आले आहे.

१९२३ मध्ये ताराबाई राजकोटचे पद सोडून दक्षिणामूर्तीत दाखल झाल्या. प्राचार्यपदावरून त्या बालमंदिरात आल्या, म्हणजे लौकिक अर्थाने एक पायरी खाली उतरल्या. मोठ्या माणसांना शिकविणे हे वरचे काम आणि लहान मुलांना सांभाळणे हे खालचे काम, ही समजूत आजही पूर्णपणे गेलेली नाही. ताराबाईंनी ती समजूत १९२३ मध्येच नाकारली होती.

माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले होते. मूल स्वतःच्या हातांनी आणि इंद्रियांनी शिकते, मोठ्यांनी त्याला योग्य परिसर व साधने द्यावीत आणि त्याच्या कामात विनाकारण ढवळाढवळ करू नये, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. यासाठी त्यांनी काटेकोर मापांची साधने तयार केली. उदाहरणार्थ, गुलाबी मनोरा या साधनात दहा लाकडी घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा सेंटिमीटर असते. मूल ते घन एकावर एक रचते. चूक झाली तर मनोराच ती दाखवून देतो, शिक्षिकेला बोलावे लागत नाही.

भावनगरमध्ये ताराबाई जे शिकल्या ते साधनांच्या वापरापुरते नव्हते. मूल काय करीत आहे हे शांतपणे पाहणे, पाहिलेले टिपून ठेवणे आणि त्यावरून पुढची कृती ठरविणे, ही शिस्त त्यांनी तेथे आत्मसात केली. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंच्या सोबतीने काम केले. मातृभाषा मराठी असूनही त्या गुजरातीत लिहू लागल्या आणि गुजराती बालसाहित्याच्या निर्मितीत व संपादनात त्यांनी मोठा वाटा उचलला.

४.४ शिक्षण पत्रिका : मार्गदर्शनाची भाषा

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. गिजुभाई आणि ताराबाई हे या संघाचे आधारस्तंभ होते. बालशिक्षणाचा विचार एका शहरातील एका संस्थेत अडकून पडू नये, तो घराघरांत आणि गावागावांत जावा, हा संघाचा उद्देश होता. त्यासाठी शिक्षण पत्रिका हे मासिक चालविण्यात आले. प्रथम गुजरातीत निघणारी ही पत्रिका पुढे मराठीतही निघू लागली आणि मराठी आवृत्तीची धुरा ताराबाईंनी सांभाळली.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या पत्रिकेकडे विशेष लक्ष द्यावे. बालसंगोपनाविषयी मराठीत तोपर्यंत जे लेखन होई त्यात बहुधा उपदेशाचा सूर असे. पत्रिकेचा वाचक मात्र प्रत्यक्ष मुलांत वावरणारा होता, म्हणजे आई, वडील, शिक्षिका. मूल हट्ट का करते, ते खोटे का बोलते, त्याला मारल्याने किंवा भीती घातल्याने काय होते, बक्षिसाचे आमिष दाखविल्याने काय बिघडते, असे रोजचे प्रश्न तिच्यात हाताळले जात. ताराबाईंच्या ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’, ‘बालविकास व शिस्त’ या पुस्तकांची केवळ नावे पाहिली तरी त्यांच्या आस्थेचे विषय ध्यानात येतात.

त्यांच्या गद्याची घडण साधी आहे. वाक्ये आटोपशीर आहेत, संस्कृतप्रचुर परिभाषा बेताची आहे, आणि कोणताही सिद्धान्त मांडताना प्रत्यक्ष घरातील एखादा प्रसंग जवळ असतो. हा साधेपणा हेतुपूर्वक स्वीकारलेला होता. ज्या व्यक्तीच्या हाती मूल आहे तिला कळेल अशा भाषेत लिहिले नाही, तर शास्त्र कितीही खरे असले तरी मुलापर्यंत पोहोचत नाही. मार्गदर्शनपर लेखनाचे हे पहिले पथ्य ताराबाईंनी आयुष्यभर पाळले.

४.५ दादर ते बोर्डी

१९३२ च्या सुमारास ताराबाईंनी भावनगर सोडले आणि त्या मुंबईस परतल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही संस्था सुरू झाली. बालमंदिराबरोबरच शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही तेथे होते. मुंबईच्या मध्यमवर्गाने या उपक्रमाचे स्वागत केले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी माँटेसरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यांच्या अभ्यासवर्गांमुळे देशभर या पद्धतीविषयी कुतूहल वाढले.

याच यशात एक अडचण दडलेली होती. काटेकोर मापांची साधने महाग पडत. प्रशिक्षित शिक्षिका शहरातच मिळत. साहजिकच, रोमच्या गरीब वस्तीतील मुलांसाठी जन्मलेली ही पद्धत भारतात सुस्थित कुटुंबांच्या मुलांची मिरास ठरू लागली. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती आणि त्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नव्हते. १९४५ च्या सुमारास गांधीजींनी नई तालीमची व्याप्ती वाढवून तीत शालापूर्व वयाचाही समावेश केला. गरीब खेड्याला परवडेल असे बालशिक्षण कसे असेल, हा प्रश्न तेव्हा राष्ट्रीय पातळीवर विचारला जाऊ लागला होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे या गावात शिक्षणाची परंपरा निर्माण झालेली होती. १९४५ मध्ये तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. ताराबाईंचे वय त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते. दादरची संस्था स्थिरावली होती, नाव झाले होते. अशा वयात आणि अशा स्थितीत बहुतेक माणसे मिळविलेले जपतात. ताराबाईंनी नव्याने आरंभ केला.

येथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंचा विवाह बालवयात झाला होता आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीत सुरू झालेली ही गुरु-शिष्येची सोबत ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या अनुताईंच्या आत्मकथनातून या पर्वाचे दर्शन घडते.

४.६ अंगणवाडी : शब्द आणि कल्पना

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, परंतु गावातील सर्व मुले तेथे आली नाहीत. सुस्थित घरांतील मुले आली. दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले मात्र आली नाहीत. त्यांच्या पालकांना शिक्षणाची आवड नाही, असा निष्कर्ष काढून कोणीही मोकळे झाले असते. ताराबाई आणि अनुताई यांनी न येण्याची कारणे वस्तीत जाऊन पाहिली. आई-वडील पहाटे कामाला जात. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर दूरच्या बालवाडीत सोडण्यास घरी कोणी नसे. अंगावर धड कपडा नसे. शिवाय सवर्णांच्या वस्तीतील इमारतीत पाऊल टाकण्याचा संकोच होता, आणि त्याला शतकांचा इतिहास होता.

मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, असा यावर निर्णय झाला. सेविका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढील अंगण झाडून घेतले जाई, मुले गोळा होत, त्यांची नखे काढणे, तोंड-हातपाय धुणे, केस विंचरणे येथूनच शिक्षणाला आरंभ होई. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. साधने आजूबाजूला पडलेलीच होती : शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या. लहानमोठ्या शिंपल्यांची चढत्या क्रमाने रांग लावणारे मूल गुलाबी मनोऱ्यातून मिळणाराच अनुभव घेत होते. पद्धतीचा गाभा राहिला, तिचा खर्चिक देह गळून पडला.

या कामाला अंगणवाडी हे नाव मिळाले. भाषेच्या दृष्टीने हा शब्द आणि त्याआधीचा बालवाडी हा शब्द पाहण्याजोगा आहे. मराठीत वाडी म्हणजे छोटी वस्ती, आणि कोकणपट्टीत वाडी म्हणजे बागायतही. बोर्डी-घोलवडचा परिसर चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुलांची बाग हा फ्रेबेल यांच्या किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा अर्थ बालवाडी या शब्दात सहज उतरतो आणि तरीही शब्द पूर्णपणे इथल्या मातीतला राहतो. अंगणवाडी या शब्दाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. बालमंदिर म्हटले की मूल मंदिराकडे जाते असे चित्र उभे राहते. अंगणवाडी म्हटले की मूल आपल्या घराच्या दारातच असते आणि शिक्षिका चालत येते. ही दिशा बदलणे हे ताराबाईंचे सर्वांत महत्त्वाचे योगदान होय.

येथे मार्गदर्शनाचेही रूप बदलले. दादरमध्ये पालकांना व्याख्यानातून आणि पत्रिकेतून सांगावे लागे. अंगणात सांगण्याची गरज कमी झाली, कारण दारात उभी असलेली आई किंवा आजी सारे पाहत असे. मुलाला न मारता शांत करता येते, हे तिला डोळ्यांसमोर दिसे. सेविकेलाही घरातील अडचणी दिसत, म्हणून ती अशक्य सूचना करीत नसे.

४.७ कोसबाड : पाड्यावरील प्रयोग

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्या होत्या. शासनाच्या निर्णयप्रक्रियेचा अनुभव त्यांना आला, पण त्यांचे केंद्र बोर्डीच राहिले. १९५६ च्या सुमारास त्यांनी आपले कार्य डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर हलविले. हा वारल्यांच्या वस्तीचा प्रदेश. बोर्डीत काम सुरू झाले त्याच वर्षी, १९४५ मध्ये, या पट्ट्यात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी या गुलामीच्या प्रथांविरुद्ध लढा उभारला होता. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत आली आहे. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता, शिक्षणाचा होता. परंतु दोन्ही कामांची भूमी एकच होती आणि त्या भूमीतील दारिद्र्यही एकच होते.

कोसबाडला अंगणवाडीची कल्पना अपुरी पडू लागली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई-वडील मजुरीला किंवा गवत कापण्यास गेले की घराची सारी जबाबदारी तिच्यावर पडे. मुलीला शाळेत आणावयाचे असेल, तर भावंडाची सोय आधी करणे भाग होते. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची योजना आखली. तिला विकासवाडी असे नाव दिले. धाकटे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरले वर्गात, अशी ही व्यवस्था होती. बालसंगोपन आणि शिक्षण हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय नसून एकाच कुटुंबाचे प्रश्न आहेत, ही जाणीव विकासवाडीच्या मुळाशी होती.

काही मुलांना इतकेही शक्य नव्हते. ती दिवसभर गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना शिक्षकाने कुरणावर जावे आणि तेथेच झाडे, पक्षी, दगड, सावली यांच्या आधारे शिकवावे, अशी ही कल्पना होती. अंगणवाडीतील तत्त्वच येथे पुढे गेले आहे, हे आपल्या लक्षात येईल.

भाषेचा प्रश्नही येथे होता. वारली मूल घरी वारली बोली बोले. पुस्तकातील मराठी त्याला परकी वाटे. पहिल्याच दिवशी त्याच्या बोलण्यातल्या चुका काढणारी शिक्षिका त्या मुलाला गप्प बसविते. मुलाच्या बोलीचा स्वीकार करून हळूहळू प्रमाणभाषेकडे जाणे, ही जबाबदारी सेविकेवर येते. बालवाडीतील गाणी आणि खेळ यांचे महत्त्व येथे कळते, कारण गाताना मूल भाषेला भीत नाही.

कोसबाड हे सेविकांच्या प्रशिक्षणाचेही केंद्र बनले. येथील प्रशिक्षण मुलांच्या सहवासातच होत असे. सेविका पाड्यावर जात, मुलांना आंघोळ घालत, पाहत, टिपणे करीत आणि मग त्यावर चर्चा होई. प्रथम अनुभव, नंतर सूचना, असा हा क्रम होता. १९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे कार्य अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत चालू ठेवले. संस्थापक गेल्यावर संस्था टिकणे हीही प्रशिक्षणाची एक कसोटीच असते.

४.८ शासकीय योजना आणि ताराबाईंचा वारसा

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांच्यासाठी असलेल्या या योजनेच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव लाभले. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण या सहा सेवा तेथून दिल्या जातात. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका टेकडीवरील प्रयोगाला लाभलेला हा विस्तार थक्क करणारा आहे.

या विस्ताराबरोबर स्वरूपही बदलले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सेविकेच्या वर मुख्यसेविका, तिच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अशी रचना आहे. मार्गदर्शन वरून खाली येते : परिपत्रके, मासिक बैठका, नोंदवह्या आणि अलीकडच्या काळात पोषण ट्रॅकरसारखे मोबाइल ॲप. किती मुले हजर होती, किती वजन भरले, किती आहार वाटला, याची माहिती खालून वर जाते.

ही व्यवस्था निरर्थक आहे असे मानणे चुकीचे ठरेल. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कोसबाड ज्या आदिवासी पट्ट्यात आहे, त्याच पट्ट्यातील ही घटना. ज्या मुलाचे वजन कोणी नोंदवीत नाही, त्याचे कुपोषण कोणाच्या ध्यानात येत नाही. नोंदवही जीव वाचवू शकते. शिवाय एका संस्थेला जमणारे काम लाखो केंद्रांत करावयाचे, तर नियम आणि नोंदी अपरिहार्य असतात.

तरीही ताराबाईंच्या चरित्राच्या प्रकाशात तीन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न शिक्षणाचा आहे. सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक सेवा आहे आणि ती मोजण्यास सर्वांत कठीण आहे. वजन काट्यावर दिसते, परंतु एखाद्या बुजऱ्या मुलाने आज प्रथमच गाण्यात सूर मिसळला, ही प्रगती कोणत्या रकान्यात लिहावी? जे मोजले जात नाही ते हळूहळू मागे पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत स्तर मानले, त्यामुळे या सेवेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे.

दुसरा प्रश्न मार्गदर्शनाच्या दिशेचा आहे. ताराबाई आणि त्यांच्या सेविका अंगणात जे पाहत, त्यातून सूचना तयार होत. परिपत्रक अंगण न पाहता तयार झाले, तर ते अमलात आणणारी सेविका एकटी पडते. एखाद्या पाड्यावर मुले का येत नाहीत, हे तिला माहीत असते, पण नोंदवहीत केवळ गैरहजेरीचा आकडा जातो. बोर्डीला गैरहजेरीतून अंगणवाडीचा शोध लागला होता, हे येथे आठवावे.

तिसरा प्रश्न सेविकेच्या प्रतिष्ठेचा आहे. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा त्यांचे काम हे खरेखुरे पूर्ण काम आहे, या गोष्टीला कायद्याचा आधार मिळाला. प्राचार्यपद सोडून बालमंदिरात आलेल्या ताराबाईंनी हे काम कमी प्रतीचे नाही असे स्वतःच्या जीवनातून दाखवून दिले होते. मुलाला पाहण्याची, समजून घेण्याची अपेक्षा जिच्याकडून करावयाची, तिला स्वतःलाही कोणीतरी पाहिले पाहिजे, समजून घेतले पाहिजे.

४.९ समारोप

ताराबाईंच्या जीवनाचा नकाशा पाहिला तर त्यांचा प्रवास मुंबई, अमरावती, राजकोट, भावनगर, पुन्हा मुंबई, बोर्डी आणि कोसबाड असा झालेला दिसतो. शहराकडून खेड्याकडे, खेड्याकडून पाड्याकडे आणि पाड्यावरून कुरणाकडे त्या जात राहिल्या. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली : आपल्या व्यवस्थेत कोणते मूल आलेले नाही, आणि ते का आलेले नाही? उत्तर मिळेपर्यंत त्यांनी मुलाला दोष दिला नाही, पालकांना दोष दिला नाही. व्यवस्था बदलून पाहिली.

त्यांच्या कामाला मर्यादा होत्या. अल्प मनुष्यबळ आणि अल्प निधी यांमुळे ते एका परिसरापुरते राहिले. त्याला देशव्यापी रूप देणे शासनालाच शक्य होते आणि शासनाने ते दिलेही. नाव आणि आराखडा त्यामुळे सर्वदूर पोहोचला. अंगणात बसून मुलाकडे पाहण्याची सवय मात्र आदेशाने पोहोचविता येत नाही. ती प्रत्येक सेविकेला, प्रत्येक पर्यवेक्षिकेला आणि प्रत्येक अधिकाऱ्याला नव्याने लावून घ्यावी लागते.

४.१० स्वाध्याय

१. राजकोट येथील प्राचार्यपद सोडून भावनगरच्या बालमंदिरात जाण्याच्या ताराबाईंच्या निर्णयाचे महत्त्व स्पष्ट करा.

२. बालमंदिर, बालवाडी आणि अंगणवाडी या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या शैक्षणिक दृष्टीतील फरक सांगा.

३. विकासवाडी आणि कुरणशाळा या कल्पना कोणत्या प्रत्यक्ष अडचणींतून निर्माण झाल्या, ते लिहा.

४. आपल्या परिसरातील एखाद्या अंगणवाडीला भेट द्या. तेथील सेविकेला वरून येणाऱ्या सूचना आणि तिला प्रत्यक्ष जाणवणाऱ्या गरजा यांची तुलना करून सुमारे ३०० शब्दांत टिपण तयार करा. मुलांची अथवा पालकांची नावे टिपणात देऊ नका.